पाच कोटी वर्षांचा कान

उत्तरा तळेकर नववीत गेली आणि बोलायला लागली.

म्हणजे आधी काही मुकी नव्हती ती. पण आठवीपर्यंत वर्गात तिचा आवाज ऐकलेला माणूस शोधून सापडला नसता. हजेरीला 'हजर' म्हणायची तेसुद्धा इतकं हळू, की तिच्या नावापुढे वर्षाला चार-पाच तरी खोट्या गैरहजेऱ्या लागायच्या. आणि मग जुलै महिन्यात एका तासाला विज्ञानाच्या वसुधाबाईंनी विचारलं, "वटवाघूळ अंधारात भिंतीवर का आपटत नाही?" सगळा वर्ग चिडीचूप. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून उत्तर आलं, "बाई, ते ओरडतं आणि परत आलेला आपलाच आवाज ऐकतं." वर्गाने माना वळवल्या. कोण बोललं ते बघायला उत्तरानेही वळवली. मागे भिंत होती.

तेव्हापासून तोंड सुटलं ते सुटलंच. सत्याऐंशी सालच्या डिसेंबरात शाळेचं विज्ञान प्रदर्शन ठरलं, तर पहिलं नाव हिचं. जोडीला राधा हिवराळे, गोवंडीहून बसने घाटकोपरला शाळेत येणारी, हिची जिवाभावाची आणि जिभेने हिच्याहून तिखट.

"विषय काय लिहू?" बाईंनी विचारलं.

"वटवाघूळ," उत्तरा म्हणाली.

"सहा महिने झाले, हिच्या डोक्यातून ते उतरतच नाही बाई," राधा म्हणाली. "उलटं लटकलंय."

बाई हसल्या, पण दोन दिवसांनी त्यांनी एका कॉलेजच्या लायब्ररीतून एका परदेशी मासिकातल्या लेखाची झेरॉक्स आणली आणि मधल्या सुट्टीत दोघींना बसवून समजावून दिली. जर्मनीत एक जुनी खाण आहे. पाच कोटी वर्षांपूर्वी तिथे तळं होतं. त्यात बुडालेली वाघळं तळाच्या चिखलात दबली आणि चिखलाचा दगड झाला. बोटांची हाडं, बरगड्या, सगळं जिथल्या तिथे. काहींच्या पोटात तर शेवटचं जेवणही शिल्लक होतं, पतंगांच्या पंखांवरची भुकटी. शास्त्रज्ञांनी त्या दगडाचेच एक्स-रे काढले आणि कानाच्या आतलं हाडाचं वेटोळं मोजलं. आपल्या कानात असतं तसंच, शंखासारखं. जी वाघळं आवाजाच्या जोरावर शिकार करतात त्यांच्यात ते डोक्याच्या मानाने चांगलंच मोठं असतं. आणि दगडातल्या वाघळांतही ते मोठंच निघालं.

"म्हणजे ती विद्या तेव्हाच होती," बाई म्हणाल्या. "पण आधी उडायला शिकली की आधी ऐकायला, ते अजून कुणाला माहीत नाही. त्याच्या आधीचा सांगाडा सापडलेला नाही."

ही गोष्ट उत्तराच्या मनात रुतून बसली. मोठ्या माणसांना, तेही परदेशातल्या, एखादी गोष्ट माहीत नाही आणि ते तसं छापून मोकळे होतात!

"आणि त्या खाणीत तिथलं सरकार शहराचा कचरा टाकायचं म्हणतंय," बाईंनी शेवटी सांगितलं.

"म्हणजे त्यांचं देवनारचं डंपिंग ग्राउंडच की!" राधा ओरडली. "बाई, मग पाच कोटी वर्षांनी आमचं देवनार पण खणतील. काय मिळेल सांगू? प्लास्टिकच्या पिशव्या आणि उत्तराची गणिताची वही."

उत्तरा मात्र हसली नाही. तिचं ठरलं होतं. "बाई, आपण पण एक्स-रे काढायचा."

हे ती उगाच बोलली नव्हती. तिचे बाबा, सहदेव तळेकर, घाटकोपरच्या एका एक्स-रे क्लिनिकमध्ये अंधारखोलीत काम करायचे. डॉ. श्यामकांत बाहेर फोटो काढायचे, खिडकीच्या लाकडी झडपेतून फिल्मची पेटी आत सरकवायचे आणि झडपेवर टकटक करायचे. एक टकटक म्हणजे नेहमीचं काम. दोन म्हणजे घाई. तीन म्हणजे पेशंट हलला, ही फिल्म वाया, दुसरी दे. आत मिणमिणत्या लाल दिव्यात बाबा फिल्म धुऊन वाळत घालायचे.

आणि या कामात एक गोष्ट होती जी डॉक्टरांना माहीत नव्हती. ती घरात तिघांनाच ठाऊक होती, आणि राधाला, कारण राधापासून काही लपत नाही. बाबांना ऐकू येत नव्हतं.

बारा वर्षं ते गिरणीत साच्यावर होते. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. तशा शेकडो साच्यांच्या खडखडाटात बारा वर्षं उभं राहिलं की कान हळूहळू विझतात. पण तिथल्या कामगारांनी त्यावर आपली तोड काढलेली असते. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून बोलायचं. इतक्या गोंगाटात ओरडून उपयोग काय? वीस हात लांबचा माणूस ओठ वाचतो आणि तसंच उत्तर देतो. संपात गिरणी गेली, पण ही भाषा तळेकरांच्या घरी राहिली. विक्रोळी पार्कसाइटच्या त्यांच्या खोलीत आई, विमला, आमटी ढवळता ढवळता नुसते ओठ हलवून म्हणायची, "मीठ संपलंय," आणि बाबा दारातून चपला घालून चालू पडायचे. शेजाऱ्यांना वाटायचं, काय समजूतदार जोडपं, कधी भांडण म्हणून ऐकू येत नाही. भांडणं व्हायची, चांगली कडाक्याची. नुसत्या ओठांनी.

नोकरी देताना डॉक्टरांनी विचारलं होतं, "कान-डोळे ठीक आहेत ना?" बाबा त्यांच्या ओठांकडे बघत म्हणाले होते, "एकदम." संपानंतर दोन वर्षं दारोदार फिरल्यावर मिळालेली ती नोकरी होती. दुसरं काय म्हणणार? उजेडात ते ओठ वाचून सगळं निभावून न्यायचे. अंधारात डावा तळवा झडपेवर ठेवून उभे राहायचे. टकटक त्यांना तळव्यात कळायची. उत्तरा एकदा अंधारखोलीत गेली होती तेव्हा तिने झडपेवरची ती जागा पाहिली होती. बाकी लाकूड खरबरीत, आणि तेवढीच तळव्याएवढी जागा गुळगुळीत, देवळाच्या उंबऱ्यासारखी.

तर, वाघूळ. ते त्यांना शोधावं लागलं नाही. विक्रोळीतल्या एका कंपनीच्या कॉलनीबाहेर उंबराच्या झाडाजवळून विजेच्या तारा जातात, तिथे दर थोड्या दिवसांनी एखादं चिकटून मरतंच. लाइनमनने बांबूने काढलेलं एक ताजं वाघूळ दोघींनी रेशनच्या पिशवीतून क्लिनिकमध्ये नेलं. पंख मिटलेले, तोंड एखाद्या छोट्या कुत्र्यासारखं. राधा सगळ्या वाटेने पिशवी हातभर लांब धरून चालत होती.

डॉ. श्यामकांत माणूस हौशी. त्यांनी फॉर्मच काढला. "पेशंटचं नाव?"

"वाघूळ," उत्तरा म्हणाली.

"आडनाव?"

"तळेकरच लिवा डॉक्टर," बाबा उत्तराकडे बोट दाखवत मालवणीत म्हणाले. "ह्या चेडवाच्या डोक्यात तां भरलाहा, आता घरचांच झालां."

फोटो निघाला. बाबांनी फिल्म धुतली, वाळवली आणि प्रकाशपेटीवर लावली. काळ्या फिल्मवर पांढरी कवटी लखलखत होती. उत्तराने बाईंची झेरॉक्स शेजारी धरली आणि कानाची जागा शोधायला लागली. शोधतेय, शोधतेय. बाबा मागून वाकून बघत होते. बारा वर्षं कापडातला तुटका धागा हेरलेले डोळे ते. त्यांनी करंगळीचं टोक कवटीच्या मुळाशी टेकवलं.

"ह्यो कान. बघ, इल्लोसो. आणि डोळ्याची खोबण बघ केवढी ती." मग ते म्हणाले, "ह्यां डोळ्यांनी चलणारां जनावर गो, उत्तरे. माझ्यासारख्यां."

आणि तिकडे प्रदर्शनाचा तीन फुटी फलक घरी रंगवून तयार होता: 'वटवाघूळ, कानांनी बघणारा प्राणी!' उद्गारचिन्ह तिने लाल रंगाने काढलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने बाईंना फिल्म दाखवली. बाईंनी पुस्तकं चाळली आणि कपाळाला हात लावला. फळं खाणारी ही मोठी वाघळं डोळ्यांनी आणि नाकानेच वाट काढतात. ओरडून ऐकण्याची विद्या त्यांच्याकडे नाही. उंबराच्या झाडावर फळं खायला येणारं जनावर उचलायचं आणि ते पतंग धरणारं समजायचं, ही चूक शाळेतल्या सगळ्यांनी मिळून केली होती. पण फलक रंगवला होता हिने एकटीने.

"वाट लागली," उत्तरा संध्याकाळी घरी डोकं धरून बसली. सहा महिन्यांपूर्वीची शेवटच्या बाकावरची मुलगी परत येऊन तिच्या शेजारी बसल्यासारखं तिला वाटत होतं. "सगळे हसतील यार. मी उगाच बोलायला लागले."

"डोकं लाव ना जरा," राधा कुजबुजली. "फिल्म खरवडली की पांढरं दिसतं. ब्लेडने कानापाशी मोठं वेटोळं काढ. कोण बघतंय!"

उत्तराच्या मनात ते आलं नव्हतं असं नाही.

"ब्लेड नको," खोलीच्या पलीकडच्या टोकाला पेपर वाचत बसलेले बाबा म्हणाले.

राधा दचकली. "आयला, काकांना ऐकू आलं?"

"तुझे ओठ लय स्वच्छ हालतत गो बाय," बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "गिरणीत असतंस तर पुढारी झालं असतंस."

शनिवारी बाबा कामावरून आले तेव्हा त्यांच्या खिशात काड्यापेटी होती. आत अंगठ्याएवढं एक वाघूळ, वाळून कोळ झालेलं. अंधारखोलीच्या एक्झॉस्ट पंख्याच्या जाळीमागे चिमुकल्या वाघळांची वस्ती होती. बाबा जाळी झाडायला चढले तेव्हा हे एक मेलेलं मिळालं.

"रोज सांजवेळेक भायेर पडतत," ते सांगत होते. "डास खायत जातत. एवढ्या चिंचोळ्या फटीतून, एकसुद्धा आपटत नाय. ओरडत असतली. पण तां कोणाकच ऐकाक येत नाय म्हणतास ना तुम्ही?"

"नाही बाबा. माणसाच्या कानांना ते कळतच नाही."

बाबा हसले. "म्हणजे तेवढां एकच असां, जां माका आणि डॉक्टरांक सारख्यांच ऐकाक येतां."

सोमवारी या धाकट्याचाही फोटो निघाला. भिंगातून पाहिलं तर इवल्याशा कवटीच्या मुळाशी दोन ठसठशीत पांढरे गोल. उत्तराने कंपासपेटीतलं कर्कटक काढलं आणि दोन्ही फिल्मवर आधी वेटोळं, मग कवटीची रुंदी मोजली. मोठ्याच्या डोक्यात कान पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसला होता. धाकट्याच्या डोक्यात घरमालकासारखा ऐसपैस. मग तिने झेरॉक्सवरचं पाच कोटी वर्षांचं डोकं मोजलं. तिसरं माप दुसऱ्याच्या बाजूला पडलं. तिने पुन्हा मोजलं. आपल्या हाताने, आपल्या कर्कटकाने. मग एकदम उठून तिने फलकावर पांढरा रंग फासला. आधीच्या अक्षरांवर नवीन अक्षरं आली: 'हाड बघून कळतं का, कोण कानांनी बघतं?' लाल उद्गारचिन्ह मात्र नीट झाकलं गेलं नाही. खालून गुलाबी दिसत राहिलं.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये जो गोंगाट होता त्याला तोड नव्हती. एका टेबलावर ज्वालामुखी फुसफुसत होता, दुसऱ्यावर चोर पकडणारी घंटा, आणि प्रत्येक जण ती वाजवून बघत होता. बाईंनी आभार म्हणून डॉ. श्यामकांतना बोलावलं होतं. ते बाबांना घेऊन आले आणि गर्दी टाळून दोघं दाराजवळ उभे राहिले. परीक्षक होते एका कॉलेजातले प्राध्यापक, चष्मा कपाळावर चढवलेले, कुणाच्याच तक्त्यासमोर दोन मिनिटांपेक्षा जास्त न थांबणारे.

उत्तराच्या टेबलापाशी ते थांबले. तिने आपली चूक आधी सांगितली, मग दोन्ही फिल्म, मग जर्मनीची खाण. चष्मा खाली आला.

"छान. पण मला एक सांग," ते म्हणाले. "कानाचं हाड मोठं, म्हणजे त्या प्राण्याला तसं ऐकू येत होतं, हे कशावरून? हाड म्हणजे ऐकणं नव्हे. पाच कोटी वर्षांपूर्वी तू तिथे होतीस?"

राधाने उत्तराला कोपराने ढोसलं. उत्तराला उत्तर माहीत होतं. सगळ्या हॉलमध्ये तिच्याइतकं चांगलं कुणालाच माहीत नव्हतं. हाड शाबूत असून ऐकू येत नाही असा माणूस तिच्या घरी जेवायला बसतो. तो आत्ता दाराशी उभा होता आणि त्याच्या शेजारी त्याचे डॉक्टर होते. नववीतल्या उत्तराची जीभ पुढे सरसावली. आठवीतल्या उत्तराने ती धरली.

"येत नसेल तर राहू दे," प्राध्यापक म्हणाले.

तिने दाराकडे पाहिलं. मधे तीस-चाळीस डोकी, घंटा, ज्वालामुखी. बाबा तिच्याकडेच बघत होते. उत्तराने आवाज न काढता ओठ हलवले.

'हाड असून ऐकू येत नाही. सांगू?'

बाबांनी ते वाचलं. त्यांचा चेहरा, प्रकाशपेटीवरची फिल्म काढल्यावर पेटी दिसते तसा, कोरा झाला. ते डॉक्टरांकडे बघून परत तिच्याकडे वळले. ओठ हलले.

'थांब. आधी मी.'

मग ते डॉक्टरांकडे वळले. गोंगाटात एक अक्षर ऐकू येत नव्हतं, पण उत्तराला सगळं दिसत होतं. 'डॉक्टर, माका ऐकाक येत नाय. साच्यांवर कान गेले. तुम्ही विचारलात तेव्हा खोटां बोललंय.' डॉक्टरांची तिच्याकडे पाठ होती. ते काय म्हणाले ते तिला कळलं नाही. पाठ मात्र ताठ झालेली दिसली. बाबा पुन्हा बोलले, 'अंधारातसुद्धा टकटक हातान कळता.' आणि त्यांनी डावा तळवा उघडून दाखवला.

मग तोच हात त्यांनी वर केला, मूठ वळली आणि पुढे ढकलली. गिरणीत त्याचा अर्थ एकच. साचा चालू कर.

"सर," उत्तरा म्हणाली. तिचा आवाज घंटेच्या वर गेला. "तुमचं बरोबर आहे. नुसत्या हाडावरून पक्कं कळत नाही. माझे बाबा गिरणीत होते. त्यांच्या कानातलं हाडाचं वेटोळं तुमच्या-माझ्यासारखंच असणार. उद्या ते दगडात दबले आणि पाच कोटी वर्षांनी कुणी एक्स-रे काढला, तर तो लिहील की या माणसाला झकास ऐकू येत होतं. आणि ते चूक असेल. हाड एवढंच सांगतं, की ऐकायची सोय होती. म्हणून त्या शास्त्रज्ञांनी पोट पण बघितलं. पोटात पतंग निघाले. रात्री उडणारे पतंग अंधारात धरले, म्हणजे सोय वापरली. एक साक्षीदार पुरत नाही सर. दोन लागतात."

प्राध्यापकांनी फिल्म उचलून उजेडाकडे धरली. दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. "आणि तुझ्या बाबांच्या बाबतीत दुसरा साक्षीदार कोण? त्यांना ऐकू येत नव्हतं हे त्या पाच कोटी वर्षांनंतरच्या माणसाला कसं कळायचं?"

"झडप," उत्तरा म्हणाली. "अंधारखोलीची. हात ठेवून ठेवून तेवढंच लाकूड गुळगुळीत झालंय. ती पण सापडायला हवी."

पहिलं बक्षीस ज्वालामुखीला मिळालं. उत्तरा आणि राधाला उत्तेजनार्थ. "फुसकुलीला पहिलं आणि आपल्याला उत्तेजनार्थ," राधा परतीच्या वाटेवर करवादली. उत्तराचं तिकडे लक्ष नव्हतं. डॉक्टर प्रदर्शन संपायच्या आधीच निघून गेले होते आणि जाताना बाबांना फक्त 'सोमवारी बोलू' म्हणाले होते. चेहरा कसा होता, असं तिने बाबांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा बाबा म्हणाले, "चेहऱ्यासारखो."

रविवारी घरात कुणी ओठसुद्धा हलवले नाहीत.

सोमवारी संध्याकाळी बाबा आले, चपला काढल्या, पाय धुतले आणि चहाची वाट बघत बसले. आईने कप ठेवला पण कपाचा कान सोडेना.

"सांगा की हो आता!" उत्तरा ओरडली. ओरडून उपयोग नाही हे विसरून.

मग बाबांनी सांगितलं. सकाळी डॉक्टर थेट अंधारखोलीत गेले. दिवा लावून झडप बघितली. त्या गुळगुळीत जागेवर बोट फिरवलं. मग स्वतःच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबले, डावा तळवा त्या जागेवर ठेवला आणि बाबांना म्हणाले, तू बाहेर जा आणि मी करतो तशी टकटक कर.

"मग?"

"मग मीया टकटक केलंय. डॉक्टर भायेर इले. म्हणाले, एकच मारलंस ना?"

बाबांनी चहाचा घोट घेतला.

"म्हटलंय, तीन, डॉक्टर."

आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. बाबाही हसले, मोठ्याने, स्वतःचा आवाज किती मोठा आहे ते माहीत नसलेल्या माणसासारखे. डॉक्टरांनी पुन्हा दोनदा करून पाहिलं म्हणे, दोन्ही वेळा चुकले. मग कानातले बोळे काढून खिशात टाकले आणि म्हणाले, पहिला पेशंट आलाय, आत जा. आणि जाता जाता थांबून, बाबांच्या समोर येऊन, ओठ नीट दिसतील असे, पुन्हा म्हणाले, "आत जा."

बाहेर अंधारायला लागलं होतं. घाटकोपरच्या त्या जाळीतून आता चिमुकली वाघळं बाहेर पडत असतील, जिवाच्या आकांताने ओरडत, आणि खालून जाणाऱ्या एकाही माणसाला त्यातलं काही ऐकू येत नसेल. उत्तराने बाबांकडे पाहिलं आणि ओठ हलवले.

'बाबा, आधी पंख की आधी कान?'

बाबांनी विचार केला. मग नुसत्या ओठांनीच म्हणाले, 'माका विचारशील तर, आधी गरज.'